इरजण

मे २०२४, माझ्या एफवायच्या पहिल्या पेपरची सकाळ. पावणेसात वाजले होते, डोक्याला टॉवेल तसाच गुंडाळलेला, एका हातात हॉलतिकीट, आणि दुसऱ्या हाताने मी फ्रीज उघडला तर दही नव्हतं. खालच्या कप्प्यात उजवीकडे, जिथे माझ्या लग्नापासून म्हणजे अठ्ठावीस वर्षं दह्याचा डबा असतो तिथे नुसता जाळीचा कप्पा दिसत होता, त्यावर वाळलेल्या कोथिंबिरीची दोन पानं. डबा ओट्यावर पालथा, घासून ठेवलेला. रात्री मी दूध तापवलं, कोमट व्हायला बाजूला ठेवलं, तेवढ्यात जुन्या प्रश्नपत्रिका चाळायला बसले आणि विरजण लावायचं राहूनच गेलं. दूध तसंच पातेल्यात जाड साय धरून बसलं होतं. चमचाभर विरजण वाटीत काढून ठेवलेलं, तेही उन्हाळ्याने आंबून पाणी सुटलेलं. कुणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं कुणाला काही वाटलंच नसणार. हे अंघोळीला गेले होते, धाकटा झोपलेला, आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तुळशीपाशी. मी फ्रीज लावला, घोटभर पाणी प्यायले, देवाला हात जोडले आणि सव्वासातची साताऱ्याची एसटी पकडली.

पेपर बरा गेला, पण दही काही डोक्यातून जाईना.

त्याच वर्षी फेब्रुवारीत धाकट्याची बारावी होती. सहा पेपर, सहा दिवस, रोज सकाळी मी दाराशी उभी राहून त्याच्या उजव्या तळहातावर दही-साखर ठेवली. त्याला ते आवडतं असंही नाही, तो डोळे मिटून एकदम गिळतो आणि हात जीन्सला पुसतो, पण हात मात्र न सांगता पुढे करतो. फेब्रुवारीत आमच्या कोरेगावात रात्री अजून थंडी असते, दही लवकर लागत नाही, म्हणून मी डबा टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायचे. मध्यरात्री उठून झाकण उघडून बघितलंय मी, लागलं का म्हणून. आणि त्याच्या तीन महिन्यांनी माझा पेपर, तर मी स्वतःच विसरले. आता ह्यात रागवायचं कुणावर? सगळ्या एसटीभर मी घरच्यांवर चिडत होते आणि माहुली जवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं की दही न लावणारी बाई मीच आहे. पण म्हणून राग गेला नाही. उलट तो कुठे ठेवावा तेच कळेना, गरम पातेलं हातात आहे आणि ओट्यावर जागा नाही, तसं झालं.

माझ्या आईने मला दिलेलं दही आठवतं. १९९३, दहावी. माहेर खटाव तालुक्यातलं, दुष्काळी भाग, एकच म्हैस, तिचंही दूध डेअरीला जायचं. घरात राहायचं ते चहापुरतं. पण परीक्षेच्या आठवड्यात आईने रोज वाटीभर दूध मागे ठेवलं. तिचा तळवा इतका खरखरीत होता की ती माझा हात धरून खालून आधार द्यायची तेव्हा टोचायचा. साखर थोडीशीच, चार दाणे मोजून टाकावे तशी, आणि ती विरघळायच्या आधी खायची, दाताखाली कचकच वाजली पाहिजे. मग बोटं चिकट व्हायची आणि हॉलतिकिटाच्या कोपऱ्याला तो चिकटपणा लागायचा. माझ्या दहावीच्या हॉलतिकिटाला मुंगी लागलेली मला अजून दिसते. बारावी १९९५ला झाली, कॉलेजात एफवायला नाव घातलं, आणि वर्षाची परीक्षा व्हायच्या आत स्थळ आलं. वडील म्हणाले, पोरगं चांगलं आहे, दुकान स्वतःचं आहे, पुढचं शिक्षण तिकडे जाऊन कर. कुणी नाही म्हटलं नव्हतं कधी. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत लोकांना लगेच कुणीतरी दुष्ट हवा असतो. मला कुणी अडवलं नाही. नुसतं रोज सकाळी कणीक मळायची होती, आणि मग लेक झाली, मग दुकानाचं कर्ज, मग सासऱ्यांचं आजारपण, मग धाकटा. पुस्तकं माहेरी माळ्यावर होती ती वाळवीने खाल्ली.

आमचं मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली सुरू झालं तेव्हा मी सातवीत होते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद मी एसटीच्या स्टँडवर, कॉलेजच्या भिंतीवर कितीदा वाचलं असेल, पण ते घर म्हणजे माझं पण घर हे कळायला सेहेचाळीस वर्षं लागली. लेक पुण्याला नोकरीला लागली आणि तिने दिवाळीत येऊन विचारलं, आई तुझं एफवाय राहिलंय ना गं. बस, एवढंच. पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशन सुरू झाल्या तशी तिनेच फोनवरून फॉर्म भरला, मी बारावीचं मार्कशीट पत्र्याच्या ट्रंकेतून काढलं, त्याला डांबरगोळीचा वास. सेंटर साताऱ्यात एका कॉलेजात मिळालं. रविवारी संपर्कसत्र. पहिल्या रविवारी मी पहाटे साडेचारला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक करून गेले होते, घेवड्याची उसळ, भाकऱ्या, भात, कढी, शिवाय शेंगदाण्याची चटणी, जसं काही मी चार दिवस परगावी निघालेय. वर्गात एकोणीस-वीस वर्षांची मुलं होती, दोन पोलीस हवालदार, एक अंगणवाडी सेविका, एक माझ्याहून मोठ्या बाई, आणि सर म्हणाले की कुणाला काही अडचण. मला अडचण काहीच नव्हती. मला फक्त त्या बाकावर हात फिरवत बसायचं होतं. बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं असतात, ती बोटाला लागतात, तेवढं लागलं तरी मला रडू येत होतं.

घरी अभ्यासाला जागा कुठली, तर ओटा. आमच्या स्वयंपाकघरात एक खिडकी आहे, तिच्या खालच्या कट्ट्यावर मिसळणाचा डबा असतो, त्याच्या शेजारी पुस्तक उभं राहतं. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं फार शहाणी असतात, प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये स्वयंअध्ययन प्रश्न, शेवटी सारांश, म्हणजे मास्तर नसला तरी पुस्तकच थांबून विचारतं, कळलं का. पण भाकरी थापताना पान कोण उलटणार? हात पिठाचे. माझ्या इतिहासाच्या पुस्तकाची सगळी डावीकडची पानं वरच्या कोपऱ्यात पिठाने कडक झालीत, आणि एका पानावर हळदीचा अख्खा अंगठा उमटलाय, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. मग धाकट्याने सुचवलं की आई तू मोबाईलवर वाचून रेकॉर्ड कर आणि लावून ठेव. तसं करायला लागले. दुपारी सगळे जेवले की मी आमटीसाठी डाळ लावायचे आणि कुकर होईस्तोवर उत्तरं मोठ्याने वाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या करताना तीच ऐकायचे. स्वतःचा आवाज ऐकायला आधी फार लाज वाटली. नंतर सवय झाली.

पण गंमत अशी झाली की त्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या आल्या. परीक्षेच्या हॉलमध्ये मी प्रश्न वाचला की मला आधी शिट्टी ऐकू यायची. वासाहतिक काळातील शेतीचं व्यापारीकरण, हे पहिल्या शिट्टीच्या आधी. कारणं पहिल्या आणि दुसऱ्या शिट्टीच्या मध्ये. परिणाम लिहिताना मी अडकले, पेन थांबलं, आणि मग ती तिसरी लांब शिट्टी आठवली, तिच्या खाली दबलेलं माझंच वाक्य आठवलं, शिट्टीमुळे मी ते दोनदा वाचलं होतं म्हणून जास्त पक्कं. मी हॉलमध्ये हसले बहुतेक, कारण सुपरवायझर मॅडम बघायला लागल्या.

मे महिन्यात परीक्षा असणं म्हणजे काय ते उन्हाळकामं करणाऱ्या बाईलाच कळेल. एप्रिल-मे हे आमचे वर्षाची बेगमी करायचे महिने. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो शिजवताना हात थांबला की गाठी झाल्याच. सांडगे, पापड, आणि सगळ्यात मोठं काम कांदा-लसूण मसाला. पाच किलो मिरची, संकेश्वरी तिखटाला आणि बेडगी रंगाला, देठं मोडून उन्हात कडकडीत वाळवायची, खोबरं, धणे, तीळ, बाकी खडे मसाले वेगवेगळे भाजायचे, कांदा वाळवून तळायचा, आणि मग डंकावर जायचं. आमच्या इथे डंकावर त्या दिवसांत सकाळी सातपासून नंबर असतात. मी पिशवीतून पुस्तक नेलं होतं. डंकाचा तो धप धप आवाज, जमीन हलते पायाखालची, हवेत लाल धूळ, सगळ्या बायका तोंडाला पदर लावून शिंकताहेत, आणि मी नाकाला रुमाल बांधून प्रार्थना समाज वाचतेय. शेजारच्या बाईंनी विचारलं, पोराचं पुस्तक आहे का? मी म्हटलं, माझं. त्या म्हणाल्या, कितवी? मी म्हटलं, पंधरावी व्हायची आहे, तेरावी चाललीय. त्यांनी जरा वेळ काही बोललं नाही, मग माझी मिरचीची पिशवी स्वतःच्या पिशवीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, तुमचा नंबर आला की हाक मारते, तुम्ही तिकडे सावलीत बसा. मी लिंबाखाली जाऊन बसले. त्या वर्षीचा मसाला जरा जास्तच तिखट झालाय, लसूण कमी पडला, मी लक्षच दिलं नाही. वर्षभर आम्ही तोच खाल्ला आणि दर वेळी आमटीचा पहिला घोट घेताना मला तो लिंब आठवला.

तीन तास लिहायचं ह्याची मात्र मी तयारीच केली नव्हती. उत्तरं पाठ, मुद्दे पाठ, पण हात? मी अठ्ठावीस वर्षांत काय लिहिलं तर वाण्याची यादी, दुधाचा हिशेब, आणि लेकीच्या लग्नाचं बघताना दोनदा बायोडाटा. मला वाटलं होतं, रोज वीस-पंचवीस भाकऱ्या थापणारा हात आहे, त्याला पेनाचं काय जड. पण भाकरीची ताकद तळव्यात आणि खांद्यात असते, पेनाची अंगठ्याच्या मुळाशी. सहाव्या पानावर अंगठा आखडला तो इतका की पेन डाव्या हाताने ओढून काढावं लागलं. मी बाकाच्या कडेवर तळवा दाबला, जसा कणकेचा गोळा दाबतो तसा, दोनदा, तीनदा, आणि मग जरा सुटला. शेजारची मुलगी पुरवणीवर पुरवणी मागत होती. दुसऱ्या पेपरपासून मी रोज संध्याकाळी दोन पानं नुसतं लिहायचे, काय लिहायचं सुचलं नाही तर पुस्तकातलं पान उतरवायचे. सासरी आल्यावर भाकरी अशीच शिकले होते, मोडली की परत गोळा करून थापायची.

तिसऱ्या पेपरला कर्मवीरांच्या शैक्षणिक कार्यावर प्रश्न आला. सातारा जिल्ह्यात राहून कर्मवीर भाऊराव पाटलांवरचं उत्तर कुणाला येणार नाही? मी स्वतः त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले, शाळेच्या गेटवरचं ते वडाचं झाड बघत मोठी झाले. १९१९ला काल्यात संस्थेची स्थापना, १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग, १९२७ला गांधीजी आले आणि बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, कमवा आणि शिका, हे सगळं मी घडाघडा लिहिलं. आणि मग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी आले. पुस्तकात त्यांच्यावर फार नाही, की बोर्डिंगच्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं. हे वाक्य आम्ही शाळेत भाषणात म्हणायचो, टाळ्या घ्यायचो. पण त्या दिवशी हात आखडलेला असताना ते लिहिलं आणि मी थांबले. मंगळसूत्र एकदाच विकलं. भाकऱ्या तर रोज होत्या.

मी तिथे बसून हिशेब करायला लागले, खरंच, उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर. पन्नास पोरं धरली, वाढत्या वयाची, आपण नुसतं धरून चालू, एका वेळी दोन-दोन भाकऱ्या, म्हणजे शंभर. किलोभर पिठाच्या मध्यम दहा-अकरा भाकऱ्या होतात, म्हणजे नऊ-दहा किलो पीठ. चुलीवर एक भाकरी, थापायला, पाणी फिरवायला, उलटायला, निखाऱ्यावर फुगवायला, हात कितीही सराईत असला तरी दोन मिनिटं. शंभर भाकऱ्या म्हणजे तीन तास वीस मिनिटं, एका तव्यावर. म्हणजे एक पेपर आणि वर वीस मिनिटं. आणि हे एका वेळचं. हाताखाली पोरं असतील मदतीला, दुसरा तवा असेल, माझा हिशेब कच्चा असेल, पण तरी. १९३० साली त्या गेल्या. त्या बोर्डिंगातून किती जण शिकून मोठे झाले ते आपण मोजतो. मला वाटायला लागलं, त्या भाकरी भाजता भाजता आतून पोरांचं पाठांतर ऐकत असतील. त्यांनाही पाठ झालं असेल का काही? शिट्टी नव्हती तेव्हा, पण लाकूड तडतडतं, त्याच्या मध्ये अडकून एखादी कविता, एखादा पाढा लक्षात राहिला असेल का? हे मी उत्तरात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं असं आजही वाटतं. एवढंच लिहिलं की लक्ष्मीबाईंचं अन्न शिजवणं हेही शैक्षणिक कार्यच मानलं पाहिजे, आणि त्याच्याखाली दोनदा रेघ मारली.

मला कळतंय मी काय करतेय, मी माझं दही लक्ष्मीबाईंच्या भाकरीशेजारी नेऊन ठेवतेय. तेवढी माझी योग्यता नाही. पण घरात कुणीही शिकायला बसलं की आत कुणीतरी चुलीपाशी असतं, हे मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. आणि चुलीपाशी जी आहे तीच बाहेर येऊन पाटावर बसली, तर मग आत कोण?

परीक्षा संपल्यावर एकदा रात्री जेवताना मी ह्यांना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की पहिल्या पेपरला घरात दही नव्हतं. हे म्हणाले, "अगं मग सांगायचंस ना, डेअरीतनं आणलं असतं." मनापासून म्हणाले. खरंच आणलं असतं, तेवढ्या सकाळी स्कूटर काढून आणलं असतं, तसा स्वभाव आहे. पण मला तो घास गिळेना. सांगायचं. मुलाच्या पेपरला मला कुणी सांगत होतं का? आणि तरी, खरं तेच लिहायचं तर, ह्यांनी दही लावायला घेतलं असतं तर मीच म्हटलं असतं, सरका, तुम्हाला जमणार नाही, दूध किती गरम आहे बघा, बोट घालून बघा, बोटाला सोसलं पाहिजे. अठ्ठावीस वर्षांत मी कुणाला त्या डब्याला हात लावू दिला नाही. लेक मदतीला आली की मी म्हणायचे, तू अभ्यास कर. धाकट्याला तर चहासुद्धा शिकवला नाही. मला त्यात अभिमान होता, माझं दही कवडी पडेल असं घट्ट, चमचा उभा राहील असं, पाहुणे नाव काढायचे. आपणच दार लावून घ्यायचं आणि आपणच म्हणायचं की कुणी आलं नाही. पण दार उघडं असतं तर कुणी आलं असतं का, हे मला ठामपणे सांगता येत नाही.

आत्यांचं वय आता ब्याऐंशी. त्या शाळेत गेल्या नाहीत, सही मात्र करतात, सासऱ्यांनी शिकवलेली, चार अक्षरं चित्रासारखी काढतात. त्यांना मी मोबाईलवर मुरबाडकडच्या फांगणे गावातल्या आजीबाईंच्या शाळेचे फोटो दाखवले होते, २०१६च्या महिला दिनाला सुरू झालेली, सगळ्या आज्या गुलाबी नऊवारीत, खांद्याला दप्तर. त्यांनी चष्मा पुसून पुसून बघितलं. मला वाटलं म्हणतील, मलाबी जायचंय. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या घरी भाकरी कोन टाकतं गं?" मी सांगितलं की शाळा दुपारी भरते, कामं आटपल्यावर. "मग बरंय," म्हणाल्या आणि मोबाईल परत दिला.

एसवायला मला मराठीच्या पेपरात वर्ण आणि उच्चार आले. आपल्या मराठीत च दोन, ज दोन, झ दोन, लिहायला एकच पण बोलायला वेगळे. जन्मभर बोलतेय आणि मला माहीत नव्हतं. चहा म्हणताना जीभ टाळूला लागते, चमचा म्हणताना दातांच्या मागे. मी स्वयंपाकघरभर फिरून एकेक वस्तू उचलून म्हणायला लागले. चूल, चाळण, चटणी, दातामागे. जिरं टाळूला. जायफळ दातामागे. झारा दातामागे. चिंच म्हटलं तर पहिला टाळूला आणि शेवटचा दातामागे, एका चिंचेत दोन्ही! मला इतका आनंद झाला की मी आत्यांना बाहेरून ओढून आणलं. त्यांची कवळी वाटीत काढलेली होती. त्यांनी चूल म्हणून बघितलं, नीट येईना, हवाच सुटली. मग त्यांनी वाटीतून कवळी उचलली, धुतली, बसवली, आणि ओट्याला धरून परत म्हणाल्या, चूल. जीभ कुठे लागली ते त्या जरा वेळ आतल्या आत तपासत राहिल्या. "व्हय गं," म्हणाल्या. "हितं लागती." आणि मग जायच्या आधी दारात थांबून, "पेपर कवा हायेत तुजं?"

ह्या वर्षी मे महिन्यात पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी दही संपलं. पाहुणे आले होते, सगळ्याची कढी केली, विरजणापुरतंही मागे राहिलं नाही. रात्री दूध तापवलं, आणि ह्या खेपेला मी विसरले नव्हते. चांगलं आठवत होतं. शेजारून वाटीभर विरजण मागून आणायला दोन मिनिटं लागली असती. मी उठले नाही. अंथरुणावर पडून वही डोळ्यांपुढे धरली होती, पण वाचत नव्हते, घर काय करतंय ते ऐकत होते. हे कुणाला सांगायला बरं वाटत नाही, चाळणीत चाळून बघावं तसं मी माझ्या माणसांना बघत होते. साडेदहाच्या सुमाराला आत भांड्याचा आवाज झाला, मग गॅस पेटल्याचा, मग बराच वेळ काही नाही. मला उठावंसं वाटलं, अंधारात ब्याऐंशी वर्षांचं माणूस गॅसपाशी. तरी उठले नाही. झोप कधी लागली कळलं नाही.

सकाळी ओट्यावर सगळीकडे दूध. पातेल्यातून डब्यात ओतताना सांडलेलं, रात्रभर वाळून त्याचा पापुद्रा धरलेला, बर्नरपर्यंत ओघळ, आणि त्यात मुंग्या. मी सवयीने फडकं ओलं करून पुसायला लागले, घड्याळाकडे बघत, चिडतच, आणि पुसता पुसता दह्याच्या डब्याला हात लागला. झाकण उघडलं. आत दोन लाल मिरच्यांची देठं होती. विरजण नसलं की जुन्या बायका मिरचीच्या देठाने दही लावायच्या हे मी ऐकून होते, कधी केलं नव्हतं. दही पूर्ण लागलं नव्हतं, अदमुरं होतं, कडेने धरलेलं आणि मध्ये दूधच. डबा जरा हलवला तर सगळं हललं.

आत्या मागे येऊन उभ्या होत्या. "इरजण नव्हतं," म्हणाल्या. "देठाचं हाय, पातळ झालंय जरा. हात पुडं कर." मी फडकं खाली ठेवून हात पुसला. त्यांचा हात थरथरतो, चमच्यातलं निम्मं माझ्या मनगटावर गेलं. साखर मात्र त्यांनी चिमटीने टाकली, भरपूर, दोनदा. मी खाल्लं. साखर अजून विरघळली नव्हती, कचकच वाजली.

"तिखाट लागतंय का?"

"नाही," मी म्हटलं. लागत होतं, अगदी मागे, घशाच्या तोंडाशी.

राहिलेला ओटा पुसला, मुंग्यांवर पाणी मारलं, आणि निघाले. सव्वासातची गेली, साडेसातची मिळाली, खिडकीची जागा. मनगट चिकट होतं ते पदराला पुसलं, मोबाईल काढला, कानात इअरफोन घातले आणि वर्णविचार लावला. माझाच आवाज, मागे डाळ शिजतेय. ल्हासुर्ण्याचा फाटा गेला तेव्हा पहिली शिट्टी झाली.